आकडा कुठून आला, ते आधी विचारा : बायोमेडिकल इन्फॉर्मॅटिक्समधल्या नव्या संशोधकांसाठी

बायोमेडिकल इन्फॉर्मॅटिक्स म्हणजे आरोग्याच्या आणि जीवशास्त्राच्या डेटातून कॉम्प्युटरच्या मदतीनं उत्तरं शोधायचा विषय. त्यात पहिल्या वर्षी मी एक मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्राम, तयार केलं होतं. अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांपैकी कोण वाचणार नाही, ते पहिल्या २४ तासांतल्या नोंदींवरून ओळखायचं, असा विषय. निकाल इतका झकास आला की रात्री झोप लागली नाही. लॅब मीटिंगमध्ये ऐटीत आलेख दाखवला. मागे बसलेल्या एका डॉक्टर मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "यात निदानाचे कोड घेतलेत. ते कधी भरतात, ठाऊक आहे?"

ठाऊक नव्हतं. ते कोड, म्हणजे प्रत्येक आजारासाठी ठरलेली खूण, भरतात रुग्णाला डिस्चार्ज मिळाल्यावर, किंवा तो गेल्यावर. अख्खी फाइल वाचून, आणि बहुतेक वेळा बिलासाठी. म्हणजे माझं मॉडेल कार्डिॲक अरेस्टचा कोड वाचून 'या रुग्णाच्या जिवाला धोका आहे' असं भविष्य वर्तवत होतं. वरातीमागून घोडं.

तेव्हापासून कुठलाही आकडा हातात आला की मी आधी तीन गोष्टी विचारते : हा कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला? पीएचडीला नुकतेच लागलेले किंवा दुसऱ्या विषयातून पोस्टडॉकला आलेले लोक 'सुरुवात कशानं करू?' असं विचारतात, तेव्हा मी पायथन किंवा डीप लर्निंग सांगत नाही, हे तीन प्रश्न सांगते. खालच्या पायऱ्या त्यांच्याभोवतीच रचल्या आहेत.

पायरी १ : तुम्ही कुठल्या दारानं आत आलात?

या विषयात सरळ रस्त्यानं आलेले लोक थोडे. कुणी एमबीबीएस करून येतं, कुणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून, कुणी जीवशास्त्रातून, कुणी स्टॅटिस्टिक्समधून. ही सरमिसळ मुळातलीच आहे. डॉक्टर निदानाला कसे पोचतात याचं तर्कशास्त्र आणि संभाव्यतेचं गणित मांडणारा एक निबंध १९५९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. त्याच्या दोन लेखकांपैकी रॉबर्ट लेडली दंतवैद्यक आणि भौतिकशास्त्र असं दोन्ही शिकलेले, तर ली लस्टेड रेडिऑलॉजिस्ट. आजही एकाच विभागात एक जण जनुकांचे क्रम जुळवत असतो, दुसरा एक्स-रे वाचणारं मॉडेल करत असतो, तिसरी साथींच्या आकड्यांत बुडालेली असते. मी इथं मुख्यतः रुग्णालयातल्या नोंदींबद्दल लिहिणार आहे, कारण हात पोळलेत ते तिथंच.

पहिल्या आठवड्यात एका कागदावर आपल्याला काय येत नाही ते लिहून काढा. डॉक्टर असाल तर बहुधा डेटाबेस, कोड नीट ठेवण्याची शिस्त आणि संख्याशास्त्रातलं 'का' हे तीन खड्डे निघतील. इंजिनिअर असाल तर शरीरक्रिया, वैद्यकीय शब्द आणि रुग्णालय चालतं कसं, हे. जीवशास्त्रातून आलेल्यांना प्रयोगाची आखणी येते, पण प्रयोग न करता आपोआप साठलेल्या डेटाशी झुंजायची सवय नसते. कागद गाईडला दाखवा आणि त्यावरूनच कोर्स निवडा. सोपे गुण मिळतील असा, आधीच येत असलेला कोर्स घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला होता.

जाता जाता एक. डॉक्टरांनी सोबतच्या प्रोग्रामरला 'कॉम्प्युटरवाला' समजणं आणि प्रोग्रामरनं डॉक्टरला लेबल लावून देणारा माणूस समजणं, या दोन्ही सवयींनी मी चांगले प्रकल्प बुडताना पाहिलेत. प्रश्न ठरवतानाच दोघं एका टेबलाशी बसले पाहिजेत. 'डेटा देतो, काहीतरी काढून दाखव' असं कुणी म्हणालं, तर तिथं प्रश्नच ठरलेला नाही असं समजा.

पायरी २ : वॉर्डात उभं राहा

रीतसर परवानगी काढून आठवडाभर तरी वॉर्डात किंवा अतिदक्षता विभागात जा. डॉक्टरही असाल तरी जा, पण या वेळी रुग्ण बघायला नाही, नोंद बघायला.

एकच आकडा धरा आणि त्याच्या मागे मागे फिरा. समजा, रक्तातलं क्रिएटिनिन. सकाळच्या राउंडला कुणीतरी म्हणतं, "किडनी बघून घ्या." रेसिडेंट कॉम्प्युटरवर ऑर्डर टाकतो. सिस्टर रक्त काढतात, नळीवर स्टिकर चिकटवतात. नळी लॅबला जाते, मशिनमधून आकडा निघतो, तो कॉम्प्युटरमध्ये येतो आणि कधीतरी डॉक्टरांच्या नजरेला पडतो. ऑर्डरची वेळ, रक्त काढल्याची वेळ, निकाल आल्याची वेळ आणि डॉक्टरांनी तो पाहिल्याची वेळ अशा चार वेळा झाल्या. तुमच्या तक्त्यात त्यातली एक किंवा फार तर दोन असतात. कुठल्या, ते तुम्हाला माहीत हवं.

मग नाडी, रक्तदाब, तापमान यांच्या नोंदी बघा. हातानं नोंद करायची असेल तिथं वेळा बऱ्याचदा १०:००, ११:००, १२:०० अशा गोल असतात. मी एका सिस्टरना बावळटासारखं विचारलं होतं, की सगळ्या रुग्णांचा रक्तदाब बरोब्बर दहाच्या ठोक्याला कसा घेता? त्या हसल्या. म्हणाल्या, "शेजारच्या खाटेवर एखाद्याचा श्वास अडकला तर मी आधी तिकडे जाणार की वही भरणार? सगळं आटोपलं की बसून लिहिते." मग त्या नोंदींवर मिनिटामिनिटाचा हिशेब मांडायला बसू नये, एवढं शहाणपण मला तिथं आलं.

जे लिहिलेलं नसतं तेही बोलतं. तपासणी केलीच नाही, याचा अर्थ बऱ्याचदा 'डॉक्टरांना शंका आली नाही' असा असतो. रात्री तीन वाजता केलेली तपासणी म्हणजे कुणाला तरी काळजी वाटली होती. २०१८ साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या होत्या. तुलना करता येण्याजोग्या १७४ तपासण्यांपैकी ११८ तपासण्यांमध्ये रुग्ण तीन वर्षं जगेल की नाही याचा अंदाज तपासणीच्या निकालापेक्षा ती केव्हा मागवली होती यावरून जास्त अचूक येत होता. म्हणजे डेटात नुसतं रुग्णाचं शरीर नसतं, डॉक्टरांचं मनही असतं. रिकाम्या जागा सरासरीनं भरून टाकण्यापूर्वी हे आठवावं.

जुन्या काळातलं मायसिनही इथं आठवतं. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला एडवर्ड शॉर्टलिफ यांनी जंतुसंसर्गावर सल्ला देणारा हा प्रोग्राम उभा केला. चाचणीत त्याचे सल्ले तज्ज्ञांच्या तोडीचे ठरले, पण वॉर्डात तो कधी वापरला गेला नाही. त्याला रुग्णाची माहिती आपोआप मिळायची सोय नव्हती, डॉक्टरनं बसून एकेका प्रश्नाचं उत्तर टाइप करायचं. राउंडच्या घाईत ते कोण करणार? हुशारी असून भागत नाही, ती कामाच्या ओघात बसावी लागते. वॉर्डात उभं राहिलं की हे कुणी शिकवावं लागत नाही.

पायरी ३ : परवानग्यांचे अर्ज पहिल्याच आठवड्यात

एथिक्स कमिटीची मंजुरी, डेटा वापराचा करार, मानवी विषयांवरील संशोधनाचं ऑनलाइन प्रशिक्षण या कामांना वेळ लागतो, आणि तो तुमच्या हातात नसतो. म्हणून अर्ज आधी, बाकी सगळं नंतर. कमिटीला उत्तर देताना 'सगळा डेटा हवा' असं लिहू नका. प्रश्नाला लागतील तेवढेच रकाने मागा. अर्ज लवकर सुटतो आणि आपल्यालाच विचार करावा लागतो.

तोवर हात चालवायला खुला डेटा आहे. फिजिओनेट या संकेतस्थळावर मिमिक नावाचे संच मिळतात. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या, ओळख पुसून टाकलेल्या या नोंदी आहेत. मिमिक-३ मध्ये २००१ ते २०१२ या काळातले अतिदक्षता विभागातले ४० हजारांहून अधिक रुग्ण आहेत. पूर्ण संचासाठी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि करारावर सही लागते, पण १०० रुग्णांचा नमुना-संच कुणालाही उतरवून घेता येतो. आज संध्याकाळी सुरुवात करायची तर त्यानं करा.

ओळख पुसण्याचे परिणाम मात्र लक्षात ठेवा. अमेरिकेच्या हिपा या आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेच्या नियमांतल्या एका पद्धतीत १८ प्रकारच्या खुणा काढून टाकाव्या लागतात, आणि ८९ वर्षांवरचं नेमकं वयही सांगता येत नाही. म्हणून मिमिक-३ मध्ये वय काढायला जाल तर काही आजी-आजोबा ३०० वर्षांचे निघतील. तारखाही पुढच्या शतकात ढकललेल्या आहेत. एकाच रुग्णाच्या दोन नोंदींतलं अंतर खरं असतं, दोन रुग्णांच्या तारखांची तुलना मात्र निरर्थक. ३०० वर्षांच्या रुग्णांसकट सरासरी वय काढून पोस्टर छापणारा विद्यार्थी दरवर्षी एखादा भेटतोच.

नावं काढली की काम झालं, असं समजू नका. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून माणूस शोधून काढता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं. करारानं मिळालेला डेटा ईमेलनं पाठवायचा नाही, घरच्या लॅपटॉपवर ठेवायचा नाही आणि ऑनलाइन चॅटबॉटच्या खिडकीत तर मुळीच चिकटवायचा नाही. शेवटची चूक हल्ली सगळ्यात सहज होते. कोड चालत नाही म्हणून त्रुटीचा संदेश चिकटवायला जावं, आणि त्यासोबत रुग्णांच्या चार ओळीही जाव्यात.

पायरी ४ : एका रुग्णाची रेघ काढा

मला विचाराल तर सगळ्या प्रशिक्षणातला हा गाभा आहे. इथं घाई करू नका.

संचातला कुठलाही एक रुग्ण घ्या. कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारा. डावीकडे दाखल झाल्याची वेळ, उजवीकडे डिस्चार्ज. मधल्या सगळ्या घटना हातानं त्या रेघेवर मांडा. इमर्जन्सीत आला, रक्त काढलं, निकाल आला, अँटिबायोटिक सुरू झालं, व्हेंटिलेटरवर घेतलं, काढलं, वॉर्डात हलवलं. आता लाल पेननं एक उभी रेघ मारा : तुमचं मॉडेल नेमकं कोणत्या क्षणी बोलणार आहे? लाल रेघेच्या उजवीकडचं काहीही मॉडेलला दिसता कामा नये. मिमिक-४ या पुढच्या संचात लॅबच्या तक्त्यात दोन वेळा दिलेल्या असतात, नमुना घेतल्याची आणि निकाल उपलब्ध झाल्याची. रक्त नऊला काढलं आणि निकाल साडेदहाला आला, तर दहाच्या लाल रेघेला तो निकाल ठाऊक नसतो, जरी नोंदीवर नऊ लिहिलं असलं तरी.

माझ्या त्या फसलेल्या मॉडेलसाठी ही रेघ एकदा जरी काढली असती, तरी निदानाचे कोड पार उजव्या टोकाला, डिस्चार्जच्याही पलीकडे पडलेले दिसले असते. दहा मिनिटांचं काम होतं.

असे वीस रुग्ण करा. कंटाळा येईल, येऊ द्या. पाचव्या-सहाव्या रुग्णापासून चमत्कारिक गोष्टी दिसू लागतात. मृत्यूनंतरच्या वेळेची एखादी नोंद. ३७ च्या शेजारी ९८.६ असं तापमान, कारण कुणी सेल्सिअसमध्ये लिहिलं, कुणी फॅरनहाइटमध्ये. वजन किलोच्या रकान्यात पौंडांत. क्रिएटिनिनचंही तसंच. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये साधारण १ असलेला आकडा मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये ८८ च्या आसपास जातो. दोन ठिकाणचा डेटा एकत्र केलात आणि आलेखाला १ जवळ एक आणि ९० जवळ दुसरी असे दोन उंचवटे दिसले, तर तो नवा आजार नसतो.

मग संख्या वाढवा. निवडलेल्या रुग्णांपैकी पन्नासेक जणांच्या डॉक्टरी नोंदी दोघांनी स्वतंत्रपणे वाचायच्या, आपल्या व्याख्येप्रमाणे 'आहे' की 'नाही' ते लिहायचं आणि शेवटी ताडून बघायचं. दोन माणसांचंच एकमत होत नसेल, तर मशिनकडून काय अपेक्षा करणार? व्याख्या सुधारा, पुन्हा वाचा.

पायरी ५ : हत्यारं कमी, पण धार असलेली

डेटाबेसमधून माहिती काढायला एसक्यूएल, विश्लेषणाला पायथन किंवा आर या प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी एक, आणि कोडमधले बदल जपून ठेवायला गिट. पहिल्या सहा महिन्यांना एवढं पुरतं.

एसक्यूएलमधली एक चूक सगळे करतात, ती तेवढी सांगते. एक रुग्ण अनेकदा दाखल होतो, आणि एकदा दाखल झाला तरी अतिदक्षता विभागात दोन-तीनदा जाऊन येऊ शकतो. हे तक्ते जोडले की ओळी फुगतात. म्हणून प्रत्येक जोडणीआधी आणि नंतर ओळी मोजा आणि वेगळे रुग्ण किती तेही मोजा. दुसरं, डेटाचे शिकवण्याचा आणि तपासण्याचा असे भाग करताना ओळींवरून करू नका, रुग्णांवरून करा. तोच रुग्ण दोन्हीकडे आला की मॉडेल आजार ओळखायच्या ऐवजी माणूस ओळखायला शिकतं.

एक्सेलला चोरासारखं वागवा. सेप्ट-२ नावाचं जनुक ते २ सप्टेंबर करून टाकतं, मार्च-१ चं १ मार्च. २०१६ मध्ये एका तपासणीत आढळलं, की जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशी गडबड होती. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलली. सॉफ्टवेअरपुढे विज्ञानानं हात टेकल्याचा याहून मजेशीर दाखला मला माहीत नाही.

नोंदवही रोज लिहा. कोणती फाइल, कोणत्या तारखेची, कोणते रुग्ण वगळले आणि का. 'का' विसरायला तीन आठवडे पुरतात.

पायरी ६ : कोड म्हणजे आजार नव्हे

इन्फॉर्मॅटिक्समध्ये शब्दकोशांची जत्रा भरलेली असते. आजारांसाठी आयसीडी, लॅबच्या तपासण्यांसाठी लॉइंक, वैद्यकीय संकल्पनांसाठी स्नोमेड सीटी, औषधांसाठी आरएक्सनॉर्म, लेख शोधण्यासाठी मेश. या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारा यूएमएलएस हा प्रकल्प अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९८६ साली सुरू केला. पाठ करायला जाऊ नका. कुठला शब्दकोश कशासाठी जन्माला आला तेवढं समजून घ्या. आयसीडीची मुळं मृत्यूची कारणं मोजण्यात आहेत, आज अनेक ठिकाणी त्यावर बिलं चालतात. स्नोमेड डॉक्टरांना नोंद करता यावी म्हणून. जो ज्यासाठी झाला, त्यात तो खरा.

मधुमेहाचं उदाहरण घ्या. टाइप २ चा आयसीडी-१० कोड ई११. 'ज्यांच्या नोंदीत ई११ आहे ते मधुमेही' असं म्हणून बघा. मधुमेह आहे का ते तपासण्यासाठी ऑर्डर टाकताना कारण म्हणून कोड निवडावा लागतो, तेव्हा निरोगी माणसालाही तो चिकटतो. उलट, गुडघ्यासाठी आलेल्या जुन्या मधुमेहीच्या नोंदीत तो लिहायचा राहून जातो. बरं, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणारे सगळे मधुमेही म्हणावेत, तर पीसीओएस हा अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार असलेल्या अनेकींनाही ते देतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर चांगला पुरावा, पण ज्याची तपासणीच झाली नाही त्याचं काय? म्हणून कोड, औषध आणि तपासणी यांची सांगड घालून व्याख्या बांधतात. या कामाला फिनोटायपिंग म्हणतात. इतरांनी बांधून तपासलेल्या अशा व्याख्या फीकेबी या संग्रहात मिळतात. आधी तिथं बघा, मग स्वतःची करा.

कालक्रमावर काम करत असाल तर एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा : अमेरिकेतली रुग्णालयं १ ऑक्टोबर २०१५ ला आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर गेली. त्या दिवशी आलेखात उडी दिसली, तर ती साथ नाही, कोड बदललेत. अनेक रुग्णालयांचा डेटा एका साच्यात आणायचा असेल तर ओमॉप, आणि यंत्रणांमध्ये माहितीची देवघेव करायची असेल तर फायर, ही दोन नावं पुढे येतीलच. गरज पडेल तेव्हा शिका.

पायरी ७ : पहिला प्रकल्प दुसऱ्याचा

पहिल्याच दिवशी जग बदलायला निघू नका. छापून आलेला एखादा शोधनिबंध निवडा, डेटा उपलब्ध असलेला, आणि फक्त त्यातले रुग्ण निवडून बघा. मॉडेल नको. लेखकांना मिळाले तेवढेच रुग्ण तुम्हाला मिळतात का? सोपं वाटतं ना? २०१७ साली मिमिक तयार करणाऱ्या गटातल्याच संशोधकांनी मृत्यूचा अंदाज वर्तवणाऱ्या २८ निबंधांवर हा प्रयोग केला. त्यातल्या ३८ प्रयोगांपैकी निम्म्यांत रुग्णांची संख्या २५ टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त चुकली. तुमची संख्या जुळली नाही तर खचू नका. ती का जुळत नाही ते शोधताना जे शिकाल, ते कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला यात दोन महिने लागले. तिला वाटलं दोन महिने वाया गेले. तिच्या थिसिसचा पहिला भाग त्यातूनच निघाला.

पायरी ८ : मोजमाप कागदावर करून बघा

मॉडेल ९० टक्के आजारी पकडतं आणि ९० टक्के निरोगी बरोबर सोडतं, असं ऐकलं की टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. आता कागद घ्या. १०,००० माणसांत १ टक्का आजारी, म्हणजे १००. त्यातले ९० पकडले. निरोगी ९,९००, त्यांच्यातले १० टक्के, म्हणजे ९९० जण चुकून पकडले. घंटा वाजली एकूण १,०८० वेळा, खरी ९० वेळा. बारातली एक. रात्रपाळीच्या सिस्टर अकरा खोट्या घंटांनंतर बाराव्या घंटेला उठतील का, हा प्रश्न कुठल्याही अचूकतेच्या आकड्यात दिसत नाही.

मॉडेल बरोबर उत्तर चुकीच्या कारणानं देतंय का, ते बघायची सवय लावून घ्या. न्यूमोनियाच्या रुग्णांवरच्या एका गाजलेल्या मॉडेलनं शिकलं होतं, की दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी. डेटात ते खरंच होतं, कारण दमा असलेल्या रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात नेत, म्हणून ते वाचत. ते मॉडेल वापरात आलं असतं तर दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं. २०१८ मध्ये एक्स-रेच्या मॉडेलबाबत दिसलं, की ते न्यूमोनियासोबत फोटो कुठल्या रुग्णालयातला आहे हेही ओळखतं आणि त्याचा फायदा उठवतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रचलित प्रणालीबद्दल कळलं, की तिनं 'गरज' मोजायला 'खर्च' हा रकाना वापरला. काळ्या रुग्णांवर तेवढ्याच आजारात कमी खर्च होत होता, म्हणून ती त्यांना कमी आजारी समजत होती. तिन्ही ठिकाणी गणितात चूक नव्हती. आकडा कशासाठी लिहिला गेला, ते विचारायचं राहिलं होतं.

म्हणून दुसऱ्या रुग्णालयाच्या डेटावर तपासल्याशिवाय मोठे दावे नकोत. निबंध लिहिताना ट्रायपॉडची, म्हणजे अंदाज वर्तवणाऱ्या मॉडेलबद्दल काय काय सांगायलाच हवं त्याची, यादी समोर ठेवा, आणि खरं तर प्रकल्प सुरू करतानाच ठेवा. शेवटी बघितली की त्यातले निम्मे मुद्दे करायचे राहून गेल्याचं कळतं.

पायरी ९ : माणसं

गाईड एक असला तरी मार्गदर्शक दोन हवेत, एक पद्धतीच्या बाजूचा, एक रुग्णांच्या बाजूचा. दर आठवड्याला अर्धा तास मागून घ्या आणि जाताना एक पान लिहून न्या : काय केलं, कुठं अडलं, कोणता निर्णय हवा. काहीच झालं नसेल तरी जा. त्या आठवड्यात तर नक्की जा.

पोस्टडॉकचं गणित वेगळं असतं. वर्षं दोन-तीन, त्यातला काही काळ परवानग्यांत जातो. दोन प्रकल्प ठेवा, एक लॅबमधला, बऱ्यापैकी खात्रीचा, आणि दुसरा स्वतःचा. पुढे स्वतंत्र झाल्यावर यातलं काय तुम्ही घेऊन जाणार आणि काय लॅबचं राहणार, हे पहिल्या तीन महिन्यांत सरांशी किंवा मॅडमशी स्पष्ट बोला, ईमेलवर लिहून ठेवा. अवघड वाटतं, पण शेवटच्या महिन्यात ते बोलणं फार कडू होतं. वर्षातून एकदा स्वतःची लेखी आखणी करा आणि गाईडबाहेरच्या कुणालातरी दाखवा. आणि एखाद्या नवख्याला हाताशी धरा. रेघ काढायला त्याला शिकवताना आपल्या किती समजुती ऐकीव होत्या, ते कळतं.

पायरी १० : लॅब सोडताना

कोड गिटवर, नोंदवही लॅबकडे, डेटा कराराप्रमाणे पुसून टाकलेला आणि प्रवेश बंद करून घेतलेला. मागे एक साधी मजकुराची फाइल ठेवा. त्यात मॉडेलचं कौतुक नको. रकान्यांबद्दल लिहा : कुठली वेळ नमुन्याची आणि कुठली निकालाची, कोणतं वजन पौंडांत आहे, कोणत्या वॉर्डातल्या नोंदी तासाच्या ठोक्याला गोल केलेल्या आहेत, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं. माझ्या फाइलची पहिली ओळ अजून तशीच आहे : 'निदानाचे कोड डिस्चार्जनंतर भरतात. वापरण्यापूर्वी अतिदक्षता विभागाच्या डॉक्टर मॅडमना भेटा.'